घरचा आहेर मोजून घ्या

विरोधी पॅनलचा माणूस म्हणाला, "सरपंचाने पाणीयोजनेत पैसे खाल्ले," तर गाव ते कानाआड करतं. विरोधकच तो, दुसरं काय बोलणार? पण तेच वाक्य सरपंचाच्या स्वतःच्या पॅनलमधून निवडून आलेल्या सदस्याच्या तोंडून निघालं की पारावरचा सूर बदलतो. "घरचेच बोलतायत म्हटल्यावर काहीतरी असणारच की." तालुक्याच्या पानावर 'सत्ताधाऱ्यांचाच घरचा आहेर' असा मथळा येतो. त्या दिवसापासून खुलासे करायचं काम सरपंचाकडे लागतं. आरोप करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

मला बोलायचंय ते या 'असणारच की'बद्दल, आणि तेही तुमच्याशी. पक्षाच्या जिल्हाध्यक्षांना किंवा पॅनलप्रमुखांना सांगण्यात अर्थ नाही, त्यांची गणितं ठरलेली असतात. तुम्ही मत दिलंत, तुमच्या गल्लीत नळ आला किंवा आला नाही, तुमचं घरकुल यादीत लागलं किंवा राहिलं. बोलायला हवं ते तुम्ही, आणि नेमके तुम्हीच अशा वेळी "त्यांच्या आपसातलं आहे" म्हणून घरी बसता.

आतल्या माणसाला बाहेरच्यापेक्षा जास्त माहीत असतं, हे खरंच आहे. त्याला जास्त हवं असतं, हेही तितकंच खरं. विरोधकाला पाच वर्षांनी खुर्ची हवी असते. स्वपक्षातल्या नाराजाला पुढच्या महिन्यातलं काम हवं असतं, नाहीतर उपसरपंचपद, नाहीतर पंचायत समितीचं तिकीट. म्हणून घरच्यांची टीका विरोधकांच्या टीकेइतकीच, खरं तर जरा जास्तच, घासूनपुसून घ्यायला हवी. आपण करतो नेमकं उलटं. ती न मोजताच खिशात टाकतो.

आपल्याकडे हे कसं घडतं ते बघा. थेट जनतेतून निवडून आलेल्या एक सरपंचताई आहेत असं समजा. दोन वर्षं बरी जातात. मग एक दिवस त्यांच्याच पॅनलचे सदस्य तहसीलदारांकडे अविश्वासाची नोटीस देतात. नोटिशीतली वाक्यं तुम्हाला पाठ असतील: सरपंच मनमानी कारभार करतात, सदस्यांना विश्वासात घेत नाहीत, विकासकामांत अडथळा आणतात. नोटीस दिली की सगळे सदस्य एका गाडीत बसून 'सहलीला' जातात आणि ठरावाच्या दिवशीच उगवतात. गाव कुजबुजतं. ताईंचे दीर पारावर भांडतात. ताई स्वतः फारशा बोलत नाहीत, कारण त्यांना कोणी विचारतच नाही.

आता 'विश्वासात घेत नाही' म्हणजे नक्की काय, ते खोदून काढा. बऱ्याच वेळा त्याच्या तळाशी एखादा रस्ता निघतो. वस्तीकडे जाणारे पेव्हर ब्लॉक बसवले गेले. अंदाजपत्रकात ऐंशी मिलिमीटर जाडीचा ब्लॉक होता, प्रत्यक्षात साठचा आला. ताईंनी जाऊन एक ब्लॉक उपटला, पट्टी लावली आणि बिलावर सही करायचं थांबवलं. ठेकेदार कागदोपत्री कोणीतरी तिसराच, पण जेसीबी कोणाच्या दारात उभा असतो हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं. ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा हिस्सा किंवा हितसंबंध असेल तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली तो अपात्र ठरू शकतो, म्हणून सगळं मेहुण्याच्या नाहीतर मित्राच्या नावावर चालतं. बिल अडलं की 'विकासकामांत अडथळा' येतो. कधी रस्त्याच्या जागी घरकुलाची यादी असते. ताईंनी ती ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवली. आता "तुझं नाव मीच लावलं" असं दारोदार सांगायची सदस्याची सोय गेली.

प्रत्येक वेळी सरपंच धुतल्या तांदळासारखा असतो असं मी म्हणत नाही. तसं नसतंच, आणि त्याबद्दल पुढे बोलतो. आधी तपासायचं कसं, ते सांगतो.

ग्रामपंचायतीत प्रोसिडिंगचं बुक असतं. मासिक सभेतला प्रत्येक ठराव त्यात लिहिलेला असतो, आणि ठरावाखाली दोन नावं असतात: सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. आज ज्या कामावरून सरपंचावर आग ओकली जातेय, त्या कामाचा ठराव काढून सूचक कोण होता ते बघा. पुष्कळदा नाव निघतं ते आज सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याचंच. त्याला एवढंच विचारायचं: तुम्ही सूचक होतात, सही तुमची आहे, तेव्हा का नाही बोललात? याचं प्रामाणिक उत्तर असूही शकतं. "तेव्हा मला अंदाजपत्रक दाखवलं नव्हतं," असं तो म्हणाला तर ऐकून घ्या, ती तक्रार खरी आहे. पण तो हसून विषय बदलत असेल, तर तुम्हाला जे कळायचं ते कळलं.

नकला मागितल्या की मिळतात. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) टाळाटाळ करत असतील तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज द्या, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचा आराखडा आणि खर्च तर ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर मोबाइलमध्येही दिसतो. २०२१ ते २०२६ या काळात त्यातला साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. तेव्हा "सरपंचाने सगळा पैसा पाण्यावरच घातला, आमच्या वॉर्डात रस्ता दिला नाही" अशी तक्रार आली तर आधी हे बघा की तो पैसा रस्त्यावर घालता येत होता का.

गावपातळीवरचं सोडून जरा वर जाऊ, कारण हाच खेळ दिल्लीत खेळला गेला तेव्हा तो कसा हाताळला गेला, हे बघण्यासारखं आहे. पी. व्ही. नरसिंह राव आपल्याला परके नाहीत. १९८४ आणि १९८९ मध्ये ते रामटेकमधून लोकसभेवर गेले. मराठी त्यांना चांगली येत होती, इतकी की हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. जून १९९१ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा सरकार अल्पमतात होतं आणि परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं तारण म्हणून परदेशी गेलं. २४ जुलैला अर्थमंत्री मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला, त्यात खतांच्या किमती सरासरी ४० टक्क्यांनी वाढवल्या होत्या.

विरोधक तुटून पडले, ते पडणारच होते. पण सरकारची खरी झोप उडवली ती काँग्रेसच्याच खासदारांनी. संसदीय पक्षाच्या बैठकांत अर्थमंत्र्यांना अक्षरशः धारेवर धरलं गेलं. उघडपणे त्यांची बाजू घेणारे बोटांवर मोजण्याइतके होते. खासदारांचं म्हणणं काय होतं? शेतकरी आम्हाला गावात पाय ठेवू देणार नाही. नेहरू-इंदिरांचा मार्ग तुम्ही सोडला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे गुडघे टेकले.

या टीकेत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरलेल्या होत्या, आणि सरकारने त्या पोत्यातून बाहेर काढून वेगळ्या केल्या. खतांच्या दराबद्दलची तक्रार रास्त होती. एकरभर कोरडवाहू कसणाऱ्याला ४० टक्के वाढ झेपली नसती, हे शेतकऱ्यांच्या मतांवर निवडून आलेल्या खासदाराला अर्थखात्यातल्या अधिकाऱ्यापेक्षा चांगलं कळत होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि अल्प व अत्यल्प भूधारकांना त्यातून वगळलं. अवमूल्यन मात्र मागे घेतलं नाही. नवं औद्योगिक धोरणही जागचं हललं नाही.

त्या वेळी काँग्रेसच्या एखाद्या साध्या कार्यकर्त्याला रावांची बाजू घ्यायची असती, तर त्याने काय म्हणायला हवं होतं? "खासदार गद्दार आहेत" असं नक्कीच नाही. त्याने म्हणायला हवं होतं: खताचं तुमचं बरोबर आहे, ते दुरुस्त करून घेऊ, रुपयाचं तुमचं चूक आहे, कारण तिजोरीत किती उरलं होतं ते तुम्हालाही माहीत आहे. बचाव असा असतो. टीकाकाराचं जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य केलंत, तरच उरलेलं नाकारायला तुमच्या तोंडी वजन येतं. आपले समर्थक नेमकं इथेच घसरतात. साहेबांचं काहीच चुकत नाही म्हणतात आणि साहेबांचंच नुकसान करतात.

याच रावांच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली आणि पंतप्रधान काय करत होते, हा प्रश्न त्यांच्याच पक्षातून विचारला गेला. अर्जुन सिंह त्यात पुढे होते. १९९४ च्या अखेरीस त्यांनी मंत्रिपद सोडलं, पुढच्या वर्षी पक्षाने त्यांना काढलं आणि त्यांनी नारायण दत्त तिवारींबरोबर वेगळी काँग्रेस काढली. अर्जुन सिंहांना स्वतःला पंतप्रधान व्हायचं नव्हतं असं कोणी म्हणणार नाही. तरीही त्यांचा प्रश्न खराच होता. विचारणाऱ्याचा हेतू कळला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही, त्याचं उत्तर द्यावंच लागतं. १९९१ साठी रावांच्या मागे उभा राहणारा माणूस १९९२ साठी त्यांच्याकडे उत्तर मागू शकतो, आणि त्याने ते मागावंही. माणसाच्या बाजूने उभं राहायचं ते त्या एका कामापुरतं, आयुष्यभराचा वकील होऊन नाही.

पक्षाने पुढे रावांशी जे केलं ते मात्र मला आजही खटकतं. १९९८ मध्ये तिकीट नाकारलं. २३ डिसेंबर २००४ ला ते गेले तेव्हा दिल्लीतल्या काँग्रेस मुख्यालयाच्या आवारात त्यांचं पार्थिव नेलं गेलं नाही, फाटकाबाहेर थांबून ते पुढे गेलं आणि अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. २०२४ मध्ये त्यांना भारतरत्न जाहीर झालं ते दुसऱ्या पक्षाच्या सरकारकडून. खतासाठी भांडलेला खासदार आणि फाटक बंद ठेवणारा पक्ष यांना मी एका मापाने मोजणार नाही. एकाने टीका केली, दुसऱ्याने माणूसच पुसून टाकायचा प्रयत्न केला.

जवळचं उदाहरण हवं असेल तर कोकणातलं घ्या. ऑगस्ट २००२ मध्ये शिवसेनेच्या नेतृत्वाने आपलेच केंद्रीय ऊर्जामंत्री सुरेश प्रभू यांना राजीनामा द्यायला लावला. पुढे वीज कायदा, २००३ म्हणून जो अमलात आला, तो विधेयकाच्या रूपात २००१ मध्ये, ते मंत्री असताना, संसदेत आला होता. मंत्रिपद गेलं, पण २००४ मध्ये राजापूरने त्यांनाच पुन्हा लोकसभेत पाठवलं, आणि तेही शिवसेनेच्याच तिकिटावर. मतदाराने पक्ष सोडला नाही आणि माणूसही सोडला नाही. दोन्ही धरून ठेवता येतं.

आता कोणाची बाजू घ्यायची नाही, तेही सांगतो. टीकाकाराने कागद दाखवला असेल, म्हणजे मोजमाप पुस्तकात न झालेल्या कामाची नोंद, एकाच खरेदीची दोन बिलं, मेलेल्या माणसाच्या नावाचं मस्टर, तर तो पक्षातला असो की विरोधातला, त्याचा हेतू शोधत बसू नका. गैरवर्तनाबद्दल सरपंचाला पदावरून दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ ने विभागीय आयुक्तांना दिलाय, तो रस्ता त्यासाठीच आहे. "आपल्या समाजाचा आहे", "आपल्या तालुक्याला पहिल्यांदाच पद मिळालंय", "बाई आहे, सांभाळून घ्या" ही तर बाजू घेण्याची कारणंच नव्हेत. बाईला सांभाळून घेऊ नका. ती जे करतेय ते बघा आणि बरं असेल तर तसं सांगा. २०११ पासून आपल्याकडे स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. आता कौतुकाची नवलाई संपली, हिशेब करा.

बोलायचं कुठे? व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नाही, एवढं ऐकाच. तिथे बाजू घ्यायला गेलात की संध्याकाळपर्यंत मूळ मुद्दा राहतो बाजूला आणि कोणाच्या आजोबांनी कोणाचा बांध कोरला इथपर्यंत गाडी जाते. त्यातले अर्धे मेसेज टाकणारे पुण्या-मुंबईत राहतात, मत द्यायला तेवढे गाडी करून येतात.

बोलायची जागा ग्रामसभा. वर्षातून किमान चार होतात. साधी गणपूर्तीही मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तेवढी, आणि तीही होत नाही म्हणून सभा तहकूब होतात हे तुम्हाला ठाऊक आहे. थेट निवडलेल्या सरपंचाच्या बाबतीत तर कायद्याने शेवटचा शब्द तुमच्याच हाती दिलाय. २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. या पद्धतीत निवडणुकीनंतर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. पुढे आणला तर तो तीन चतुर्थांश सदस्यांनी मंजूर करावा लागतो आणि एवढ्याने सरपंच जात नाही. खास ग्रामसभा बोलावून तिथे गुप्त मतदानाने गावाने त्यावर शिक्कामोर्तब करायचं असतं. सहलीला गेलेले सदस्य हॉटेलात काहीही ठरवोत, ताईंना घरी बसवायचं की नाही हे तुमच्या मतावर ठरतं.

जिथे सदस्यांनीच सरपंच निवडला होता, तिथे हा दुसरा दरवाजा नाही, निकाल सदस्यांच्या मतांवरच लागतो. त्या गावांत आणखी एक रोग दिसतो: निवडणुकीनंतर रात्री बसून पद वाटून घेतलेलं असतं, तुला सव्वा वर्ष, मला सव्वा वर्ष. मुदत भरली आणि सरपंच उठायला तयार नाही, की तो 'शब्द न पाळणारा'. हा शब्द तुम्हाला दिला होता का? तुम्ही पाच वर्षांसाठी मत दिलं होतं. अशा भांडणात नीट काम करणाऱ्याला उठवलं जात असेल तर सदस्याच्या घरी जाऊन तेवढं सांगा. चार-पाच घरं गेली तरी फरक पडतो, कारण पुढच्या वेळी तो तुमच्याच उंबऱ्यावर यायचा असतो.

बोलताना कामाचं नाव घेऊन बोला. "ताई फार चांगल्या आहेत" याला सभेत कोणी विचारत नाही. "वरच्या आळीला मार्चमध्ये टँकर लागायचा, गेल्या दोन उन्हाळ्यांत लागला नाही," हे वाक्य सदस्यालाही खोडता येत नाही. एखादी बाई उठून असं बोलली की मागच्या बाकावरच्या आणखी दोघी-तिघी बोलतात, हे कोणत्याही ग्रामसभेत बसलेल्या माणसाला विचारा. टीका करणाऱ्या सदस्यालाही पुरतं बोलू द्या. त्याला हुर्यो करून खाली बसवलंत तर तो बाहेर जाऊन म्हणेल, मला बोलूच दिलं नाही, आणि ते खरं असेल.

ठराव पडला, ताई राहिल्या, तर गुलाल उधळू नका. त्या सदस्यांबरोबर ताईंना अजून उरलेली मुदत काढायची आहे, कोरमसुद्धा त्यांच्याच जिवावर होणार आहे. नोटिशीतल्या दहा मुद्द्यांपैकी एखादा खरा निघाला असेल. बहुतेक वेळा तो मासिक सभेच्या नोटिशीचा असतो, ती आदल्या संध्याकाळी हातात पडते आणि सोबत विषयपत्रिका नसते. पुढच्या ग्रामसभेत तो मुद्दा तुम्हीच काढा आणि नोटीस यापुढे वेळेत निघेल असं ताईंकडून प्रोसिडिंगला लिहून घ्या. सूचक म्हणून त्या नाराज सदस्याचंच नाव घाला.